बी डबा, त्रेचाळीस

नाशिकरोड. फलाट क्रमांक दोन.
गाडी एक तास चाळीस मिनिटं उशिरा.
भोंग्यातली बाई म्हणते, होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत,
आणि तिच्या आवाजात दिलगिरी कुठंच नाही,
नुसती सवय.

तिकडं सात मिनिटं झाली तर
कारण सांगितलं होतं: पुढं रुळावर मेंढ्या आल्यात.
निरंजन म्हणाला, आई, अर्ध्या तासावर गेलं ना
की पैसे परत करतात.
मला हसू आलं.
बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले मी.
असला नियम इकडं आला
तर तिसरी पाळी लावावी लागेल,
नुसती भुसावळ लाइनसाठी.

हे हसले असते याला.
हे, म्हणजे आरक्षणाची खिडकी नंबर तीन.
आयुष्यभर दुसऱ्यांना खालचा बर्थ दिला,
स्वतः मनमाडच्या पुढं क्वचितच गेले.
निरंजननं तीन महिने आधी तिकिटं काढली,
लंडन ते अबर्डीन, दोन,
स्वस्तातली, परत न होणारी.
तिकीट जूनचं.
हे एप्रिलमध्येच.

बी डबा. तिथं बोलायचं नसतं.
प्रत्येक सीटच्या डोक्याशी खोचलेली चिठ्ठी:
बेचाळीस, मी. खिडकी.
त्रेचाळीस, लंडन ते अबर्डीन.
नाव नाही, नुसता आकडा.
कुणी रद्द केलं नव्हतं.

यॉर्कला एक पोरगा चढला,
उंच, भिजलेला, पाठीवर वाद्याची भलीमोठी पेटी.
त्यानं चिठ्ठी वाचली. माझ्याकडं पाहिलं.
मी बाहेर पाहिलं.
न्यूकॅसलपर्यंत तासभर तो दाराशी उभा राहिला,
पेटीला कवेत धरून.
बस बाळा, म्हणता आलं असतं मला.
तेवढं इंग्रजी येतं.
नाही म्हटलं.
आजही नसतं म्हटलं.

डबा उघडला. दशम्या चार बांधल्या होत्या,
हाताला अजून कळलेलं नव्हतं.
दोन खाल्ल्या. कागद वाजू नये म्हणून
हळूहळू घडी घातली.

बर्विकच्या पुढं उजव्या हाताला एकाएकी समुद्र,
रुळाला इतका लगटून
की चप्पल काढून ठेवावी वाटली.
अहो, बघा, असं म्हटलं मी,
चांगलं मोठ्यानं.
समोरच्या बाईंनी चष्मा वर केला,
माझ्याकडं नाही, समुद्राकडं पाहिलं,
आणि परत पुस्तकात गेल्या.

कसे गेले, कधी गेले,
गोळ्या वेळेवर घेत होते का,
तेरा दिवस सगळं जेल रोड विचारून गेलं होतं.
तिथं सात तास
कुणी काही विचारलं नाही.
सगळे म्हणतात ते लोक थंड. असतील.
मी त्या थंडीत पहिल्यांदा नीट रडले,
आणि त्रेचाळीस नंबर
शेवटच्या स्टेशनपर्यंत रिकामा आला माझ्यासोबत.

ती चिठ्ठी मी काढून आणली.
चोरीच म्हणा.
पर्समध्ये आहे, वीज बिलाच्या पावतीमागं.

आली गाडी.
जनरल डबा. कडेची जागा मिळाली,
आणि शेजारी, कशी कोण जाणे, वीतभर मोकळी.
पर्स ठेवली तिथं.
डोक्यावर पेरूची पाटी घेऊन एक बाई,
"मावशे, इथं कुणी हाय का?"

मला वाटतं मी "आहे" म्हणणार होते.
माझं तोंड उघडेपर्यंत
ती बसलेली होती,
पर्स माझ्या मांडीवर, पाटी माझ्या पायावर.

ओढा गेलं.
"कुठवर?"
"चाळीसगाव. नणंदेकडं."
तिनं पदरानं एक पेरू पुसला, माझ्या हातात ठेवला.
खेरवाडीला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली,
पंखा बंद पडला,
सगळा डबा एकदम गप्प.

"एकट्याच?"